घरातली कवडी: ओळख, निवड आणि निगा

मराठवाड्यातल्या बिलोलीहून पूर्वेला निघा की पश्चिमेला, समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे-पाचशे किलोमीटर लांब आहे. तरीही समुद्रातल्या एका जीवाचं घर आपल्याकडे घरोघरी आहे. तुळजाभवानीच्या माळेत ते आहे, आराध्यांच्या आणि गोंधळ्यांच्या गळ्यात आहे, पोळ्याला बैलाच्या मानेवर आहे, तांड्यावरच्या आजीच्या ओढणीच्या काठाला आहे आणि नव्या वासराला दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या काळ्या दोऱ्यातही आहे. कवडी म्हणजे एका लहानशा सागरी गोगलगायीचा शंख. आपण ती हौसेनं घेतो, भक्तीनं पुजतो, पण सांभाळताना मात्र तिला पितळेच्या टाकासारखं वागवतो. तिथंच तिची वाट लागते. चांगली माळ तीन-चार पिढ्या सहज टिकते, आणि ती तशी टिकावी म्हणून काय करायचं, काय टाळायचं, हे या लेखात सांगतो आहे.

आधी हा प्राणी समजून घेऊ, कारण निगेचे सगळे नियम त्यातूनच निघतात. २०२२ च्या खरिपात लातूर जिल्ह्यात आणि आसपास सोयाबीनची कोवळी रोपं शंखी गोगलगायींनी रातोरात फस्त केली, ते शेतकरी विसरलेले नाहीत. ती गोगलगाय जमिनीवरची. कवडी तिची दूरची नातेवाईक, खाऱ्या पाण्यातली. मालदीव, लक्षद्वीप, अंदमान अशा प्रवाळबेटांच्या उथळ, कोमट पाण्यात ती राहते आणि दगडांवरचं शेवाळ खाते. आपल्याकडे सर्वाधिक चालते ती पिवळसर, कडेनं उंचवटे असलेली, दोन-अडीच सेंटिमीटरची जात. तिचं शास्त्रीय नाव मोनेटारिया मोनेटा. तिच्याच जोडीला बाजारात दुसरी येते, मोनेटारिया ॲन्युलस. ही लंबगोल असते, अंगानं गुळगुळीत, आणि राखाडी-पांढऱ्या पाठीवर सोनेरी-नारिंगी कडं असतं. एकाच माळेत दोन्ही मिसळलेल्या आढळतात, त्यात गैर काही नाही. दोन्ही खऱ्याच.

कवडी इतकी चकचकीत कशी, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. मांजरा-गोदावरीच्या रेतीत जे गोगलगायींचे शंख सापडतात ते मळकट आणि खरखरीत असतात. कवडीचं तसं नसतं, कारण जिवंतपणी तिच्या अंगाची मऊ त्वचा शंखाच्या बाहेर येऊन, दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यावा तशी, शंखाला वरून झाकून घेते. ही त्वचाच बाहेरून चुन्याचे थर चढवत जाते आणि त्याच वेळी वाळूच्या घासण्यापासून पाठ सांभाळते. म्हणून पाठीला लकाकी येते. ज्या रेषेवर दोन्हीकडची त्वचा भेटते, तिथं बऱ्याच कवड्यांच्या पाठीवर फिकट पट्टा उरतो. मोठ्या कवडीची पाठ उजेडात तिरकी धरून पाहा, तो दिसेल.

यातून एक गोष्ट ओघानंच येते. मेलेल्या कवडीचा शंख लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकला तर काही काळात घासून निस्तेज होतो. दुकानातली लखलखीत कवडी म्हणजे बहुधा जिवंतपणी पाण्यातून काढलेली. मालदीवमध्ये हा उद्योग शतकानुशतकं चालला. प्रवासी इब्न बतूता १३४३-४४ मध्ये तिथं होता. कवड्या समुद्रातून गोळा करून खड्ड्यांत टाकतात आणि आतलं मांस नाहीसं झाल्यावर नुसता शंख उरतो, असं त्यानं नोंदवलं आहे. तिथून जहाजं भरभरून कवड्या बंगालकडे जात आणि नाण्यासारख्या चालत. आपल्या भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत तर हिशेबाची सुरुवातच कवडीपासून होते: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या. आज ती नाणं म्हणून चालत नाही, पण उपसा मात्र शोभेसाठी, दागिन्यांसाठी आणि पूजेसाठी होतोच. मादी कवडी आपल्या अंड्यांवर बसून राहून त्यांचं रक्षण करते. अशा जीवाला हुसकावून आणलेली वस्तू आपल्या हातात आहे, हे लक्षात असू द्यावं. म्हणून माझा पहिला सल्ला खरेदीचा नाहीच. घरातल्या जुन्या पेट्या, फडताळं, आजीची बटव्याची पिशवी आधी उघडा. सारीपाटाच्या कवड्या, विरलेल्या झुलीच्या काठाच्या कवड्या, तुटलेल्या माळेतल्या कवड्या, सगळ्या चालतात. नव्या माळेसाठी लागणाऱ्या निम्म्या कवड्या घरातच निघाल्या तरी पुष्कळ झालं.

तरीही घ्यायच्याच असतील, तर तुळजापूर, माहूर, माळेगावची यात्रा आणि पोळ्याच्या आधीचा आठवडी बाजार ही आपली नेहमीची ठिकाणं. अलीकडे शिवजयंतीच्या सुमारास तरुण पोरं मोबाईलवरून कवड्यांच्या माळा मागवतात, आणि त्यात प्लॅस्टिकचा किंवा रेझिनचा माल पुष्कळ असतो. देवाला प्लॅस्टिक चालतं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण खऱ्याचे पैसे देऊन खोटी घेऊ नये. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. खरी कवडी गालाला लावली की गार लागते आणि आकाराच्या मानानं जड वाटते. दोन कवड्या एकमेकींवर आपटल्या की कणखर आवाज येतो. प्लॅस्टिकचा आवाज बद्द येतो. तोंडाच्या फटीवरचे दात नीट पाहा: खऱ्या कवडीत ते कमी-जास्त लांबीचे, थोडे वेडेवाकडे असतात आणि फटीच्या दोन बाजू एकसारख्या नसतात. मूठभर कवड्या हातात घ्या. दोन कवड्या हुबेहूब सारख्या निघाल्या, किंवा कडेनं साच्याची बारीक रेघ दिसली, तर ती साच्यातून आलेली आहे. पाठ कापलेली कवडी असेल तर काम आणखी सोपं. आत डोकावा, खरीच्या पोटात गोगलगायीच्या वळणाची पातळ भिंत किंवा तिचे अवशेष दिसतात. नकली कवडीच्या पोटात असं वळण नसतं. लिंबाचा थेंब टाकून फेस येतो का पाहण्याची एक रीत सांगितली जाते. ती करू नका. फेस येतो तो कवडी विरघळते म्हणूनच, आणि तो डाग कायमचा राहतो.

घेताना आणखी एक पाहा. काही कवड्या फारच हलक्या, पातळ ओठाच्या, रुंद फटीच्या असतात. ती वाढ पूर्ण न झालेली पिल्लं. कवडी लहान असताना तिचा शंख साध्या गोगलगायीसारखा पातळ असतो. मोठी झाल्यावर ओठ आत वळतो, जाड होतो, त्यावर दात येतात आणि मग लांबी वाढायची थांबते. अशी अर्धवट वाढलेली कवडी माळेत टिकतही नाही, टवका उडतो. ती घेऊ नये आणि विकणाऱ्याला तसं सांगावंही.

गर्द पिवळ्या ‘लक्ष्मी कवडी’चा भाव फार लावतात. कवडीला थोडा पिवळा रंग उपजतच असतो, पण एकसारखा हळदी रंग दिसला की ओला पांढरा फडका घासून पाहा. रंग फडक्याला आला तर कवडी रंगवलेली आहे. आणि कुणी ‘सिद्ध केलेली’ कवडी हजारो रुपयांना देऊ लागला, तिच्यानं कर्ज फिटेल, आजार जाईल असं सांगू लागला, तर तिथून उठा. श्रद्धेनं घरात कवडी ठेवणं वेगळं आणि चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

कायद्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. माळेतल्या या दोन साध्या कवड्यांची नावं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत नाहीत. पण २००१ मध्ये त्या यादीत समुद्री शंखांच्या बऱ्याच जाती घातल्या गेल्या आणि त्यात मोठ्या कवड्यांच्याही काही जाती आहेत. देवघरासाठी किंवा काचेच्या कपाटासाठी मोठे, दुर्मिळ, विचित्र आकाराचे शंख कुणी देऊ केले, तर जातीचं नाव आणि पक्की पावती मागावी. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर तो शंख त्याच्याकडेच राहू द्यावा.

आता निगेकडे येतो. सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. कवडी जवळजवळ सगळी चुन्याची असते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, आणि थरांना धरून ठेवायला थोडं प्रथिन असतं. चुना आंबटाला टिकत नाही. आपल्याकडे नवरात्राच्या आधी घट बसायच्या तयारीत देव घासायला काढतात. टाक, समई, घंटा सगळं एका घमेल्यात, वरून चिंचेचा कोळ किंवा लिंबू किंवा पितळ घासायची पावडर; आणि त्याच घमेल्यात कवड्यांची माळ. पितळ झळझळतं आणि कवडीची लकाकी त्याच दिवशी जाते. वरचा गुळगुळीत थर खाल्ला गेला की खालचा पांढरा, खडूसारखा थर उघडा पडतो आणि तो पुन्हा चकचकीत होत नाही. तेल लावून तात्पुरती झाक येते, एवढंच. म्हणून माळ त्या घमेल्यात जाऊ देऊ नका. व्हिनेगर, संडास साफ करायचं आम्ल, सोडा-लिंबाचं मिश्रण, यातलं काहीच नको.

अभिषेकाचंही तेच. पंचामृतातलं दही आंबट असतं. माळेला पंचामृताचं स्नान घालायची रीत असेल तर घाला, पण लगेच साध्या पाण्यानं धुऊन, मऊ फडक्यानं टिपून कोरडी करा. रात्रभर ताम्हनात तशीच पडू देऊ नका.

माळ धुवायची ती अशी. कोमट नव्हे, घरातल्या साध्या पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा अंगाच्या साबणाचे दोन-चार थेंब टाका आणि जुन्या मऊ दात घासायच्या ब्रशनं फटीतली मळी काढा. इथं एक गंमत दिसेल आणि घाबरायला होईल. हळद लागलेली माळ साबणाच्या पाण्यात गेली की पिवळा डाग लालभडक होतो. कवडी खराब झालेली नसते. हळदीला खार लागला की ती लाल होते. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तो याच गुणासाठी. साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून घेतलं की लाली ओसरते. दोऱ्यात शिरलेली हळद पूर्ण जाणार नाही, आणि जाऊ नये असं मला वाटतं. वापरातली माळ वापरातली दिसावी. धुतल्यावर सावलीत, फडक्यावर पसरून वाळवा. आपल्याकडच्या वैशाखात पापड-कुरडयांच्या वाळवणाबरोबर माळ गच्चीवर टाकली तर रंग उडतो आणि तापून बारीक तडे जातात. उकळत्या पाण्यात घालून ‘शुद्ध’ करणंही त्याच कारणानं टाळा.

नव्या कवड्यांना कधी कधी कुबट वास येतो. आत मांसाचा अंश राहिलेला असतो. चार-पाच दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, फटीतून पाण्याची धार सोडा. वास जातो, आणि अंगातलं मीठही निघून जातं.

माळ तुटते ती दोऱ्याच्या दोषानं, असं आपण समजतो. बहुतेक वेळा दोष कवडीच्या कडेचा असतो. ओवण्यासाठी कवडीची पाठ फोडतात किंवा भोक पाडतात. फोडलेल्या पाठीची कड काचेसारखी धारदार राहते आणि गळ्यात हलता-हलता दोरा कापत राहते. नायलॉनचा दोरा घेतला तरी तोही कापतोच, थोडा उशिरा. उपाय म्हणजे कड मारणे. शहाबादी फरशीच्या खरखरीत बाजूवर पाणी शिंपडा, कवडी पाठीकडून टेकवा आणि गोल गोल घासा. पाठ सपाट उघडते, मग उघडलेल्या भोकाची आतली कड बारीक गोल कानशीनं फिरवून बोथट करा. बोट फिरवून पाहा. बोटाला टोचत नसेल तर दोऱ्यालाही टोचणार नाही. घासताना पाणी असलंच पाहिजे. शंखाची कोरडी भुकटी नाका-छातीत जाणं वाईट, त्यामुळे तोंडाला फडकंही बांधा, आणि विजेच्या ग्राइंडरवर हे काम घरी करू नका.

दोरा सुताचा, चांगला पिळाचा, दुपदरी घ्या आणि मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्या. मेणामुळे घाम आणि हळद आत मुरत नाही. प्रत्येक कवडीनंतर गाठ मारा. गाठ असली की एक ठिकाणी तुटलं तरी बाकीची माळ हातात राहते आणि कवड्या एकमेकींवर घासत नाहीत. जुनी माळ उसवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि कवड्या मोजा; घराण्याच्या रीतीप्रमाणे संख्या आणि पदक किंवा मण्यांची जागा ठरलेली असते, आणि उसवल्यावर ती घरात कुणालाच नीट आठवत नाही. हाताला सवय नसेल तर पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या. त्यांचं हे पिढीजात काम आहे आणि आता त्यांच्याकडे गिऱ्हाईक कमी होत चाललं आहे. त्यांना ‘कड मारूनच ओवा’ एवढं मात्र बजावून सांगा.

बैलांच्या माळांना वेगळी काळजी लागते. पोळा झाला की झूल, गोंडे, घुंगुरमाळा, कवड्यांच्या माळा सगळं एका पोत्यात कोंबून माळ्यावर जातं. त्यात घाम, चिखल, शिंगांना लावलेला रंग आणि फुटलेला नारळ सगळंच असतं. वर्षभरात चामड्याचा पट्टा कडक होतो, घुंगरांच्या लोखंडी कड्यांचा गंज कवड्यांवर उतरतो आणि तो तांबूस डाग निघत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धा तास द्या. कवड्या ओल्या फडक्यानं पुसा, पट्टा सावलीत वाळवून त्याला थोडं तेल द्या, आणि घुंगुरमाळ व कवडीची माळ वेगवेगळ्या फडक्यात गुंडाळा.

बंजारा कपड्यांवरच्या कवड्यांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. मुखेड, कंधार, किनवटकडच्या तांड्यांवर अजून अशा ओढण्या, पिशव्या आणि डोक्यावर घागर ठेवायच्या कवड्या लावलेल्या चुंबळी आहेत. शहरातले खरेदीदार त्यातल्या कवड्या आणि आरसे उसवून नव्या पर्सला लावतात. कुणी घरी येऊन मागितलं तर तुकड्या-तुकड्यानं देऊ नका. आजीच्या हाताची शिवण आणि कवडीची मांडणी मिळूनच त्या कापडाची किंमत आहे. धुवायचं झालं तर मशीनमध्ये नको, भिजत घालणं नको. जुने रंग एकमेकांत उतरतात. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका, कवड्या तेवढ्या ओलसर कापसाच्या बोळ्यानं पुसा, आणि घडी न घालता गुंडाळी करा. घडीच्या जागी कवडीचं वजन येऊन कापड फाटतं.

ठेवायचं कुठं? लाकडी पेटीत नको, हे ऐकून नवल वाटेल. लाकूड आणि विशेषतः प्लायवूड बंद जागेत आम्लाची वाफ सोडत राहतं. पावसाळ्याच्या दमट हवेत ती शंखाच्या चुन्याशी लागते आणि कवडीवर पांढरी, मिठासारखी भुकटी धरते. संग्रहालयातल्या शंखांनाही हा त्रास होतो, म्हणून तिथं ते लोखंडी रंगवलेल्या कपाटांत ठेवतात. घरी स्टीलचा डबा आणि धुतलेलं सुती फडकं पुरे. झाकण वर्षातून दोन-तीनदा उघडून हवा लागू द्या. पांढरी भुकटी दिसली तर साध्या पाण्यानं धुवा, नीट वाळवा आणि जागा बदला. नुसती पुसून त्याच पेटीत ठेवली तर परत येते. लकाकी हवी असेल तर खोबरेल नको, ते खवट होऊन धूळ धरतं. बाळाच्या मालिशसाठी मिळतं ते पातळ खनिज तेल एका बोटानं लावा आणि कोरड्या फडक्यानं पुसून काढा.

शाळेच्या सहली गणपतीपुळे, अलिबाग, मालवणकडे जातात. मुलांना आधीच दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. खडकाच्या खबदाडीत हलणारा, आत जीव असलेला शंख उचलायचा नाही. रिकामा, लाटांनी घासलेला हवा तर घ्या. आणि शंकूसारखा निमुळता, नक्षीदार शंख हाताळायचाच नाही. शंकूशंखाची गोगलगाय विषारी काटा मारते आणि काही जातींच्या दंशानं माणसं दगावलेली आहेत. घरीही तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सुट्या कवड्या देऊ नका, घशात अडकतात. पाळण्याला किंवा बाळाच्या मनगटाला कवडी बांधायची तर गाठ दर आठवड्याला ओढून पाहा.

तुटलेल्या माळा मांजरेत सोडू नका. दोरा, प्लॅस्टिकचे मणी आणि पितळी पदक नदीतच पडून राहतं. शाबूत कवड्या निवडून धुवा आणि पटवेकऱ्याला किंवा ओळखीच्या गोंधळी-आराधी मंडळींना द्या, त्यांना त्या कायम लागतात. पाठ गेलेल्या पण दात शाबूत असलेल्या कवड्या कापडावर टाकायला उत्तम. त्या आधीच सपाट असतात, कड तेवढी मारून घ्यावी लागते.